भट्टीशिवाय मीना: टॉर्चची आच खालूनच द्या

मीना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली रंगीत काचेची पावडर. कानातल्यांएवढा तांब्याचा तुकडा असेल तर तो गॅस टॉर्चवर उत्तम भाजता येतो. पत्रा ०.८ ते १ मिमी जाडीचा घ्या, आणि तांब्याचाच. ‘पितळही चालतं’ हे ऐकू नका. त्यातल्या जस्तामुळे मीना धड चिकटत नाही.

पत्रा चिंच-मिठाने घासून धुवा, मग त्याला बोट लावू नका. मीन्याची पावडर पत्र्यावर मास्क लावूनच चाळा. काही मीन्यांत शिसं असतं. आधी मागच्या बाजूला मीना चढवून भाजून घ्या. एकाच बाजूला मीना असेल तर गार होताना तांबं जास्त आकसतं आणि काच तडकते. पावडर चिकटवायला गोंदपाणी वापरलं असेल तर पूर्ण वाळू द्या. ओल राहिली की वाफ पावडर उडवते.

आता आच. तुकडा जाळीच्या तिवईवर ठेवा आणि ज्योत खालून फिरवा. वरून दिली तर पावडर उडते, काजळी काचेत अडकते. तरीही वरून भाजायला सांगणारे भेटतात, याचा मला मनापासून राग येतो.

जागाही बघा. सुरुवातीला मी सोलापूरच्या भर उन्हात गच्चीवर बसायचो. वारा ज्योत हलवायचा आणि उजेडात धातूची लाली दिसायचीच नाही. आता दिवेलागणीला पडवीत बसतो. एप्रिलमध्येही पंखा बंद, पण दारं-खिडक्या उघड्या.

नजर पृष्ठभागावर ठेवा. पावडर आधी काळवंडते, मग साखरेसारखी दाणेदार होते. आपल्या ऊसपट्ट्यात ही खूण वेगळी सांगायला नको. पुढे संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात. इथे थांबू नका. सगळा भाग ओल्या काचेसारखा चमकला की दोन-तीन सेकंदांत ज्योत काढा.

रंगावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. तापलेला लाल मीना काळपट दिसतो आणि गार झाल्यावर लाल होतो. हे मला माहीत नव्हतं. रंग यावा म्हणून मी तुकडा पुन्हा पुन्हा तापवत राहिलो आणि सहा पदकं खरोखरच जाळली. चमक आली म्हणजे काम झालं, रंग कसाही दिसो.

तुकडा तिवईवरच गार होऊ द्या, पाण्यात टाकू नका. कडेची काळी खपली लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात सुटते. ती काढल्याशिवाय दुसरा थर चढवू नका. तिचे कण उडून रंगात काळे ठिपके पडतात.