रोध शून्याकडे गेला? आधी कॉन्टॅक्ट पाहा, मग जिलेबी वाटा

इंदूरला कमी तापमानाची मोजमापं करायला येणाऱ्या पोरांची एक चूक मी दरवर्षी पाहतो. पहिल्यांदा ती माझ्याच हातून झाली होती.

नमुना होता तांबं घातलेलं बिस्मथ सेलेनाइड. ते ३.८ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहक होऊ शकतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य होतो. टोपोलॉजिकल अतिसंवाहकांच्या (ज्यांच्या पृष्ठभागावर आतल्यापेक्षा वेगळ्या, खास इलेक्ट्रॉन-अवस्था असतात) शोधातलं ते लाडकं नाव. रात्री दीडला रोधाचा आलेख ३.४ केल्व्हिनला धाडकन खाली आला. सकाळी पोहे-जिलेबी वाटून झाली, मग सरांनी विचारलं, "तारा कशानं चिकटवल्या रे?"

इंडियमनं. आणि इंडियम स्वतःच ३.४ केल्व्हिनला अतिसंवाहक होतं!

चार तारांच्या पद्धतीत (दोन तारा प्रवाह देतात, दोन व्होल्टेज मोजतात) कॉन्टॅक्टचा, म्हणजे तार आणि नमुन्याच्या जोडाचा, रोध मोजला जात नाही, हे आपण घोकलेलं असतं. पण दाबताना इंडियम पसरून व्होल्टेजच्या दोन तारांमध्ये आलं, की प्रवाह नमुना सोडून त्यातूनच पळतो. उपाय सोपा: तीन-चारशे गाऊसचं चुंबकीय क्षेत्र लावा. इंडियमची अतिसंवाहकता तिथेच संपते. नमुन्याची खरी असेल तर टिकते. मग सिल्व्हर पेंटनं तारा लावून पुन्हा मोजा. शिसं-कथलाचं सोल्डर असेल तर असाच चकवा ७ केल्व्हिनजवळ बसतो. आणि चुंबकत्वाच्या मोजमापात माइसनर परिणाम (अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र स्वतःबाहेर ढकलतो तो) दिसेपर्यंत घरी फोन करू नका.

दुसरी चूक "पृष्ठभागाच्या" प्रवाहाची: टोपोलॉजिकल पदार्थात प्रवाह फक्त पृष्ठभागावरून जातो असं धरून चालण्याची. बिस्मथ सेलेनाइडची बँड गॅप (इलेक्ट्रॉनांना राहता न येणारी ऊर्जेची पोकळी) ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे आतून ते विद्युतरोधक असायला हवं. पण वाढवताना सेलेनियम उडून जातं, रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन सोडतात आणि अख्खा स्फटिक धातूसारखा वागतो. एकाच तुकड्याची जाडी कमी करत मोजा. जाडी निम्मी केल्यावर रोध दुप्पट झाला, तर प्रवाह पोटातूनच चाललाय. चुंबकीय क्षेत्राचा कोन बदलून रोधाची आंदोलनं (क्षेत्र वाढवताना होणारं वर-खाली) पाहणंही चांगलं, फक्त लांबट फर्मी पृष्ठभाग (हा नमुन्याचा पृष्ठभाग नव्हे, तर इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या नकाशातली सीमा) तिथेही फसवतो.

शून्य व्होल्टेजवर वाहकतेच्या आलेखात शिखर दिसलं की मायोराना (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असल्यासारखी वागणारी अवस्था) म्हणायची घाई तर मोठमोठ्यांनी केली. अशुद्धीमुळे येणाऱ्या साध्या आंद्रेयेव्ह अवस्थाही (अतिसंवाहकाला लागून अडकलेल्या इलेक्ट्रॉन-अवस्था) तसंच शिखर देतात. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाचा असाच एक दावा छापून आला. मोजमापं संपूर्ण मांडल्यावर तो टिकेना आणि २०२१ मध्ये लेखकांनी लेख मागे घेतला. म्हणून वहीत फक्त सुंदर आलेख चिकटवू नका. बिघडलेलेही चिकटवा, तारखेसकट.