दर महिन्याला एक ब्रॅकेट: ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा आणि प्रायोजक कसे उभे करायचे

ई-स्पोर्ट्सचं, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचं, आयोजन करू पाहणाऱ्या नवख्याच्या डोळ्यांसमोर बहुधा भव्य स्टेज, एलईडी पडदा आणि मोठं बक्षीस असतं. आमचा आग्रह वेगळा आहे: दर महिन्याला एक ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता मांडून घेतलेली एक छोटी स्पर्धा. पहिली स्पर्धा 16 किंवा 32 खेळाडूंची ठेवा, बक्षीस नाममात्र ठेवा आणि तिची घोषणा करतानाच पुढच्या तीन स्पर्धांच्या तारखाही जाहीर करून टाका. पुढची तारीख ठाऊक असली की हरलेला खेळाडू घरी जाऊन सराव करतो, आणि त्या सरावातूनच गेमिंगचं वर्तुळ वाढतं. आज फायटिंग गेम्सची (दोन खेळाडूंच्या लढतीच्या गेम्सची) सर्वांत मानाची समजली जाणारी एव्हो ही स्पर्धा 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये ‘बॅटल बाय द बे’ या नावाने सुमारे 40 खेळाडूंवर सुरू झाली. 2023 मध्ये त्याच एव्होत एकट्या स्ट्रीट फायटर 6 साठी 7,000 हून अधिक खेळाडूंनी नावं नोंदवली. मधली पंचवीसेक वर्षं कोणीतरी न थकता स्पर्धा भरवत राहिलं, म्हणून हे झालं.

आधी परवानगी

बुद्धिबळ कोणाच्या मालकीचं नाही, व्हिडिओ गेम मात्र प्रकाशकाच्या मालकीचा असतो. त्यामुळे गेम ठरला की हॉल शोधण्याआधी प्रकाशकाचे स्पर्धाविषयक नियम वाचा. छोट्या, हौशी स्पर्धांना बरेच प्रकाशक वेगळा अर्ज न मागता परवानगी देतात, पण त्या परवानगीला अटी असतात: बक्षिसाची कमाल रक्कम, प्रवेश शुल्क घेता येतं की नाही, प्रायोजक कोणत्या प्रकारचे चालतात, गेमचा लोगो पोस्टरवर कसा वापरायचा. जपानी गेम कंपनी निन्टेंडोने 2023 मध्ये जाहीर केलेल्या नियमांत सामुदायिक स्पर्धांसाठी प्रत्यक्ष 200 आणि ऑनलाइन 300 खेळाडूंची मर्यादा आहे, शिवाय प्रायोजकच घेता येत नाही. त्यापुढे जायचं तर स्वतंत्र परवाना लागतो. प्रायोजकाशी बोलणी पक्की झाल्यावर ही अट सापडली, तर बोलणी आणि अब्रू दोन्ही जातात.

प्रवेश शुल्क गोळा करून त्यातूनच बक्षीस देणं काही ठिकाणी कायद्याने जुगारात मोडू शकतं. शुल्क हॉल आणि उपकरणांच्या खर्चाला लावा, बक्षिसाचा पैसा वेगळ्या खात्यातून येऊ द्या आणि स्थानिक कायदा जाणणाऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या. अल्पवयीन खेळाडू असतील तर पालकांची लेखी संमती नोंदणीच्या वेळीच घ्या. त्यात चित्रीकरणाचीही संमती असू द्या.

ब्रॅकेट आणि घड्याळ

नव्या आयोजकांच्या स्पर्धा सर्वांत जास्त फसतात त्या वेळेच्या हिशेबात. दुपारी संपेल म्हणून जाहीर केलेली स्पर्धा रात्री उशिरापर्यंत लांबते, फायनलला प्रेक्षक उरत नाहीत, हॉलवाला दिवे बंद करायला येतो. गणित नीट मांडलं तर हे टळतं.

सिंगल एलिमिनेशनमध्ये (एक पराभव, की बाहेर) 32 खेळाडूंना 31 सामने लागतात, पण निम्मे लोक एकच सामना खेळून घरी जातात. डबल एलिमिनेशनमध्ये दोन पराभवांनंतरच बाहेर जावं लागतं: न हरलेले विनर्स ब्रॅकेटमध्ये, एकदा हरलेले लूझर्स ब्रॅकेटमध्ये खेळतात आणि दोन्हींचे विजेते ग्रँड फायनलला भिडतात. म्हणून प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात. त्यात 62 सामने होतात आणि लूझर्स ब्रॅकेटमधून आलेल्याने ग्रँड फायनलचा पहिला सामना जिंकला, तर दोघांचाही एकेक पराभव होऊन आणखी एक, म्हणजे 63. आता समजा फायटिंग गेम आहे, बेस्ट ऑफ थ्रीचा (तीनपैकी दोन गेम जिंकण्याचा) सामना 12 मिनिटं चालतो आणि पुढची जोडी खुर्चीवर बसून कंट्रोलर जोडेपर्यंत 3 मिनिटं जातात. म्हणजे एका सामन्याला 15 मिनिटं. सेटअप, म्हणजे पडदा आणि कन्सोल लावून खेळायला तयार जागा, 8 आहेत. नवखा माणूस 63 गुणिले 15, भागिले 8 करतो आणि ‘दोन तासांत उरकेल’ असं ठरवतो.

तसं होत नाही, कारण लूझर्स ब्रॅकेटमध्ये एक फेरी संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. 32 खेळाडूंच्या ब्रॅकेटमध्ये विनर्सची पहिली फेरी, त्यानंतर लूझर्सच्या आठ फेऱ्या आणि ग्रँड फायनल, अशा दहा फेऱ्या एकामागोमाग होतातच. सुरुवातीच्या गर्दीच्या फेऱ्यांना 8 सेटअपवर दोन-दोन पाळ्या लागतात. सगळं धरून साधारण 12 ते 13 पाळ्या, म्हणजे तीन तासांहून जास्त. शेवटचे सामने बेस्ट ऑफ फाइव्ह असतील आणि थोडा उशीर गृहीत धरला, तर चार तास लिहा. सेटअप 8 चे 16 केले तरी वाचतो फक्त अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ, कारण शेवटी सेटअप रिकामे पडून असतात आणि सगळे एकाच सामन्याची वाट पाहत असतात. म्हणून जादा मॉनिटर भाड्याने आणण्याआधी एक अनुभवी ब्रॅकेट चालवणारा माणूस शोधा. त्याचं काम एकच: प्रत्येक सेटअप रिकामा झाला की मिनिटभरात पुढची जोडी हाक मारून बसवणं. स्टार्ट.जीजी किंवा चॅलॉन्जसारखं साधन ब्रॅकेट पुढे सरकवेल, हाक मात्र माणसालाच मारावी लागते. आणखी एक सवय लावा: स्ट्रीमवर दाखवायचा सामना ब्रॅकेटच्या वेगाला अडवत असेल, तर तो स्ट्रीमवरून काढून बाजूच्या सेटअपवर खेळवा.

संघांच्या गेममध्ये स्विस पद्धत चांगली चालते: प्रत्येक फेरीत सारखे विजय-पराभव असलेले संघ एकमेकांशी खेळतात. 16 संघ, तीन विजयांना पुढची फेरी, तीन पराभवांना बाहेर: पाच फेऱ्यांत 33 सामने होतात आणि सारख्या ताकदीचे संघ समोरासमोर येतात. राउंड रॉबिन (प्रत्येक संघ प्रत्येकाशी) आठ संघांपर्यंतच ठेवा, तिथेच सामने 28 होतात. बॅटल रॉयालमध्ये (सगळे एकाच वेळी लढतात, शेवटी टिकेल तो जिंकतो) ब्रॅकेट नसतं, म्हणून एका सामन्यावर निकाल लावू नका. सहा सामने घ्या, अंतिम क्रमांक आणि किल्स (बाद केलेले प्रतिस्पर्धी) या दोन्हींना गुण द्या, आणि बरोबरी झाली तर कशाने सुटेल ते आधी लिहून ठेवा.

सीडिंगकडे, म्हणजे ताकदीनुसार क्रम लावून खेळाडू ब्रॅकेटमध्ये दूरदूर ठेवण्याकडे, काणाडोळा केला की पहिल्याच फेरीत दोन सर्वोत्तम खेळाडू भिडतात. मागच्या निकालांवरून वरचे आठ सीड ठरवा आणि रोज एकत्र सराव करणारे मित्र सुरुवातीलाच एकमेकांसमोर येणार नाहीत असं पाहा. ऑनलाइन स्पर्धेत, विशेषतः प्रवेश मोफत असेल तर, नोंदणी करून न येणारे बरेच असतात. म्हणून चेक-इन (हजेरी) एक तास आधी उघडा, 15 मिनिटं आधी बंद करा आणि त्यानंतरच ब्रॅकेट बनवा. प्रतीक्षा यादीतल्यांना त्या 15 मिनिटांत आत घ्या.

वीज, नेट, पडदे

गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून 500 वॉट धरले आणि 230 व्होल्टची 16 अँपिअरची लाइन असली, तर कागदावर सात पीसी बसतात. सलग चालणारा भार 80 टक्क्यांच्या वर नेऊ नये, म्हणून पाचच लावा. हॉलच्या मालकाला ‘इथे प्लग किती?’ असं न विचारता ‘वेगवेगळ्या एमसीबीवर (भार वाढला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) किती लाइन आहेत?’ असं विचारा. एकाच लाइनवर 20 प्लग असू शकतात, आणि सामना ऐन रंगात आला की ती ट्रिप होते. साउंड सिस्टिम आणि एसी खेळाच्या लाइनवर नकोत.

गेमचा अपडेट हा दुसरा शत्रू. 10 पीसींवर प्रत्येकी 50 जीबीचा अपडेट 100 एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला अकरा तास लागतात. आदल्या दिवशी सगळी यंत्रं सुरू करून अपडेट करा, किंवा लॅनकॅशसारखा स्थानिक सर्व्हर ठेवा, म्हणजे फाइल एकदाच बाहेरून येते. खेळाच्या यंत्रांना वाय-फाय देऊच नका, केबलच टाका. स्ट्रीमला 1080पी, 60 फ्रेम्ससाठी 6,000 केबीपीएसच्या आसपास बिटरेट लागतो. त्याच्या किमान दुप्पट अपलोड हवा, तोही शक्यतो वेगळ्या जोडणीवर.

फायटिंग गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते. टीव्ही 50 मिलिसेकंद उशीर करत असेल, तर खेळाडूच्या हातून तीन फ्रेम गेल्या आणि ज्या चालीचा तो वर्षभर सराव करतो ती बसेनाशी झाली. म्हणून सर्व सेटअपवर एकाच मॉडेलचे मॉनिटर ठेवा. ते जमत नसेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि त्यातला सर्वांत हळू टीव्ही सामन्यांतून बाद करा. वायरलेस कंट्रोलरची वेगळी कटकट आहे: सामना संपवून उठलेल्या खेळाडूचा कंट्रोलर कन्सोलशी जोडलेलाच राहतो, आणि त्याने बॅगेत चुकून बटण दाबलं की दुसऱ्यांच्या सामन्यात पॉज येतो. उठताना कंट्रोलर काढण्याची जबाबदारी खेळाडूची, असं नियमात लिहा.

नियम आणि पंच

नियमावली दोन-तीन पानांची पुरे, पण त्यात या गोष्टी हव्यातच: गेमची आवृत्ती, मॅप (गेममधली मैदानं) आणि ते बाद करण्याची पद्धत, पॉज किती वेळा व किती मिनिटं, उशिराची शिक्षा (10 मिनिटांना एक गेम, 15 मिनिटांना पूर्ण सामना), मॅक्रोवर (एका बटणावर अनेक चाली बसवण्यावर) बंदी, आणि हरकत पुढचा सामना सुरू होण्याआधीच नोंदवायची अट. पंचाने त्याच स्पर्धेत खेळू नये. ऑनलाइन सामन्यांचं प्रक्षेपण दोन-तीन मिनिटं उशिराने सोडा, नाहीतर स्ट्रीम पाहून प्रतिस्पर्ध्याची जागा शोधली जाते.

सट्टेबाजीच्या बाबतीत कठोर राहा. 2010 मध्ये दक्षिण कोरियात काही खेळाडू स्टारक्राफ्ट या गेमचे सामने ठरवून हरल्याचं उघड झालं आणि तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेने 11 खेळाडूंवर बंदी घातली. प्रेक्षकांचा विश्वास उडाला की प्रायोजक थांबत नाहीत. बेटिंग कंपनीचा पैसा सहज मिळतो हे खरं, पण अल्पवयीन खेळाडू असलेल्या स्पर्धेत तो घेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगतो.

प्रायोजकाकडे काय घेऊन जायचं

पहिल्या तीन स्पर्धा प्रायोजकाशिवाय किंवा वस्तूरूप मदतीवर करा. तोवर नोंदी जमवा: किती खेळाडू आले, त्यातले पुन्हा किती आले, सामने वेळेवर संपले का, स्ट्रीम सरासरी किती जणांनी पाहिली. सरासरी म्हणजे एकूण पाहिलेली मिनिटं भागिले प्रक्षेपणाची मिनिटं. चार तासांच्या प्रक्षेपणात लोकांनी मिळून 18,000 मिनिटं पाहिली, तर सरासरी 75 प्रेक्षक. फायनलला क्षणभर 300 दिसले म्हणून ‘300 प्रेक्षक’ लिहू नका. जाहिरातीतला अनुभवी माणूस पहिल्याच बैठकीत सरासरी विचारतो. 75 प्रेक्षक आणि दर महिन्याला परत येणारे 20 खेळाडू हा आकडा छोटा असला तरी खरा आहे. हेडसेट, खुर्च्या किंवा इंटरनेट जोडणी विकणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

प्रस्ताव दोन पानांचा ठेवा आणि त्यात प्रायोजकाला नेमकं काय मिळेल ते मोजता येईल असं लिहा. ‘ब्रँडचा प्रसार’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘प्रत्येक सामन्यामध्ये 30 सेकंदांचा उल्लेख, एकूण 12, हॉलमध्ये तुमची उपकरणं लावलेलं मोकळ्या खेळाचं एक टेबल, स्पर्धेपुरता एक सवलत कोड’ असं लिहा. टेबल आणि कोड हे लोगोपेक्षा जास्त कामाचे, कारण हरलेले खेळाडू टेबलावर येऊन माउस हाताळतात आणि कोड किती जणांनी वापरला ते मोजता येतं.

करार छोटा असला तरी लेखी करा. रक्कम केव्हा येणार, स्पर्धा पुढे ढकलली तर काय, लोगो किती दिवस आधी मंजूर करून द्यायचा, चित्रफिती पुढे कोण वापरणार, आणि त्याच प्रकारचा दुसरा प्रायोजक चालेल का. हा शेवटचा मुद्दा हटकून विसरला जातो. एका हेडसेट कंपनीला ‘तुम्हीच एकमेव’ असा शब्द दिला आणि बक्षिसात दुसऱ्या कंपनीचे हेडसेट ठेवले, तर दोन्ही नाती तुटतात.

कंपन्या बिल दिल्यावर 30, 60, कधी 90 दिवसांनी पैसे देतात. खेळाडूला मात्र बक्षीस लगेच हवं असतं, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ मागा आणि बक्षिसाचा आकडा पैसे खात्यात आल्यावरच जाहीर करा. थकलेलं बक्षीस जितक्या वेगाने वर्तुळ मोडतं, तितक्या वेगाने दुसरं काहीच मोडत नाही: खेळाडू आपापसांत बोलतात, आणि पुढच्या वेळी नोंदणीच होत नाही. जमलेल्या प्रत्येक 100 रुपयांतले साधारण 35 हॉल, वीज आणि नेटला, 25 पंच व मदतनिसांना, 20 बक्षिसाला, 10 प्रक्षेपणाला आणि 10 राखीव, ही विभागणी सुरुवातीला बरी पडते. मदतनिसांचा पैसा कापून बक्षीस फुगवू नका. विनामोबदला राबणारी माणसं तिसऱ्या महिन्यात गळतात.

पैशाचा स्रोत एकच असू नये. डोटा 2 या गेमच्या द इंटरनॅशनल स्पर्धेत 2013 पासून गेममधल्या डिजिटल वस्तूंच्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात जायचा. त्यातून 2021 चं बक्षीस 4 कोटी डॉलरपर्यंत चढलं. विक्रीचं स्वरूप बदलल्यावर 2023 मध्ये ते 35 लाख डॉलरच्याही खाली आलं. आपल्या पातळीवरही एखादा प्रायोजक एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त उचलत असेल, तर तो गेल्यावर काय करायचं याचा आराखडा आजच तयार ठेवा.

स्पर्धेनंतर आठवड्याच्या आत अहवाल पाठवा: ठरलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर झाली की नाही, फोटो, कोडचा वापर, सरासरी प्रेक्षक. स्ट्रीम वीस मिनिटं बंद पडली असेल तर तेही लिहा आणि त्याबदली काय देणार ते सांगा.

स्पर्धांची मालिका

तीन-चार स्पर्धा सुरळीत झाल्या की त्या गुणांनी जोडा. पहिल्याला 100, दुसऱ्याला 70, तिसऱ्याला 50, चौथ्याला 40, पाचव्या स्थानावरच्या दोघांना 25, सातव्या स्थानावरच्या दोघांना 15 आणि आलेल्या प्रत्येकाला 5. आठ स्पर्धांपैकी सर्वोत्तम सहांचे गुण धरा, म्हणजे परीक्षा किंवा आजारपणामुळे एखादी चुकली तरी खेळाडू शर्यतीत राहतो. आता प्रायोजकाला एका दिवसाऐवजी पूर्ण हंगाम देता येतो, आणि त्यालाही वर्षाच्या तरतुदीत ते बसवणं सोपं जातं. हंगामाच्या अंतिम स्पर्धेत आठ जागा ठेवा: सहा गुणांवर, दोन शेवटच्या पात्रता फेरीतून. ही पात्रता फेरी अंतिम स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये घ्या. गुणांत मागे पडलेले खेळाडूही मग दोन्ही दिवस येतात, आणि वीज, नेट, मॉनिटर यांची पूर्ण तपासणी फायनलच्या आधीच होऊन जाते.