विम्याची लीड: फोन कुणाला करायचा, कुणाला नाही, आणि केला तर कसा

लीड (संभाव्य ग्राहक) म्हणजे नाव आणि मोबाईल नंबर, असे बरेच नवे एजंट धरून चालतात. वहीत किंवा एक्सेलमध्ये आणखी एक रकाना हवा: नंबर कुठून आला आणि कोणत्या तारखेला. फोन करता येतो का, कोणत्या नंबरवरून करायचा आणि पहिले वाक्य काय असावे, हे सगळे त्या रकान्यावरून ठरते.

लीडचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात स्वतःहून चौकशी करणारे: कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरलेले, तुम्हाला मिस्ड कॉल दिलेले, शिबिरात किंवा स्टॉलवर स्वतःच्या हाताने नंबर लिहून गेलेले. दुसऱ्यात रेफरन्सवाले, म्हणजे ओळखीच्या कुणी ज्यांचे नंबर दिले ते. तिसऱ्यात विकत घेतलेल्या याद्या, सोसायटीची डिरेक्टरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून उचललेले नंबर. तिसरा गठ्ठा सरळ फेकून द्या. त्यातले निम्मे लोक आधीच चार एजंटांवर वैतागलेले असतात, आणि उरलेल्यांपैकी कुणी तक्रार केली तर दाखवायला तुमच्याकडे काहीच नसते.

तक्रार होते ती दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांखाली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ते बरेच कडक झाले. ‘माणूस डीएनडीवर (जाहिराती नकोत अशांच्या यादीत) नाही, म्हणजे फोन चालतो’ हा समज आता महागात पडतो. साध्या दहा आकडी नंबरवरून आलेल्या नको असलेल्या जाहिरातीच्या कॉलची किंवा मेसेजची तक्रार डीएनडीत नोंद नसलेला ग्राहकही करू शकतो. त्यासाठी त्याला ७ दिवसांची मुदत आहे. पूर्वी ती ३ दिवस होती. कारवाईसाठी आधी ७ दिवसांत १० तक्रारी लागत, आता १० दिवसांत ५ पुरतात. पहिल्या वेळी आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा घडले तर सगळी कनेक्शन वर्षभरासाठी तुटतात, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम घेऊनही सुटका नाही. ज्या नंबरवर दहा वर्षांचे क्लायंट फोन करतात तोच नंबर कोल्ड कॉलिंगला (अनोळखी लोकांना विक्रीचे फोन करायला) वापरणे म्हणजे निव्वळ वेडेपणा.

मग जाहिरातीचे कॉल करायचे कुठून? त्यासाठी नोंदणीकृत टेलिमार्केटर आणि १४० ने सुरू होणारे नंबर आहेत. १६०० ची मालिका बँका, विमा अशा वित्तीय कंपन्यांच्या सेवाविषयक कॉलसाठी: हप्त्याची आठवण, क्लेमची स्थिती वगैरे. तिच्यावरून विक्री करायची नसते. एकट्याने काम करणाऱ्या एजंटाने या भानगडीत पडू नये. घाऊक कॉल आणि एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून जाऊ द्यावेत आणि स्वतःच्या फोनवरून फक्त पहिल्या दोन गठ्ठ्यांतल्या माणसांशी बोलावे.

रेफरन्सचा गठ्ठा सर्वांत फसवा. जोशीकाकांनी मेव्हण्याचा नंबर दिला, म्हणजे मेव्हण्याने संमती दिली असे होत नाही. काकांना सांगा, ‘तुम्ही आधी त्यांना एक मेसेज टाका, त्यांचं हो आलं की मला कळवा.’ त्या ‘हो’चा स्क्रीनशॉट काकांकडून मागून ठेवा. एक दिवस जास्त जातो, पण समोरचा तुमच्या नावाने फोन उचलतो.

पहिल्या गठ्ठ्यातल्या लीडला मात्र उशीर चालत नाही. ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस बहुधा दोन-तीन ठिकाणी भरतो, आणि त्या वेळी मोबाईल त्याच्या हातातच असतो. पाच-दहा मिनिटांत फोन गेला तर त्याला आपण काय विचारले ते आठवते. दुसऱ्या दिवशी गेला तर ‘कुठला फॉर्म?’ इथपासून सुरुवात.

पहिल्या वीस सेकंदांत चार गोष्टी सांगा: नाव, कंपनी, नंबर कुठून मिळाला, किती वेळ लागेल. उदाहरणार्थ: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक, तमुक कंपनीचा विमा एजंट. तुम्ही आज सकाळी आमच्या वेबसाइटवर आरोग्य विम्याची चौकशी केली होती. तीन मिनिटं आत्ता बोलू की संध्याकाळी?’ शेवटच्या प्रश्नावर गप्प राहा. बहुतेक एजंट इथेच उत्तराची वाट न पाहता प्लॅनचे नाव सांगून मोकळे होतात आणि फोन कट होतो. परवाना क्रमांक तोंडपाठ असू द्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या किंवा विमा लोकपालाच्या नावाने बोनस मिळवून देण्याचे फसवे फोन लोकांना इतके येतात की शहाणा ग्राहक हा क्रमांक विचारतोच. आयआरडीएआय कुणालाही पॉलिसी विकत नाही, बोनसही जाहीर करत नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगितलेत तर विश्वास बसतो. कॉल रेकॉर्ड होत असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा.

त्यानंतर विकू नका, विचारा: वय, घरात अवलंबून कोण, कर्ज किती, सध्या कोणते कव्हर आहे, तंबाखू-सिगारेट, साखर, बीपी, झालेली ऑपरेशन्स. आजाराचा प्रश्न फोनवर अवघड वाटतो म्हणून पुष्कळ जण तो गाळतात. मग विम्याच्या प्रस्ताव अर्जात ‘नाही’ लिहिले जाते, आणि क्लेमच्या वेळी जुनी औषधाची चिठ्ठी निघते. ‘डायबेटीस लिहू नका, हप्ता वाढेल’ असे म्हणणारा एजंट ग्राहकाचा क्लेम स्वतःच्या हाताने बुडवतो. आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य विम्यात प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, तो आकडा सरळ सांगून टाका.

आणखी एक सापळा ‘पहिला हप्ता मी भरतो’ हा. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनमधून अशी सवलत देणे गुन्हा आहे आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत. मेसेजमध्ये तसे लिहिले तर पुरावा तुम्हीच तयार करून दिलात. जीएसटीचे मात्र आवर्जून सांगा: वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य आहे. त्याआधी १८ टक्क्यांसह कोटेशन घेऊन ‘महाग आहे’ म्हणत थांबलेल्या लीडना पुन्हा फोन करायला हे रास्त कारण आहे, अर्थात त्यांनी नको म्हटले नसेल तर.

फोन उचलला नाही तर लगेच दुसरा लावू नका. मेसेज टाका. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका मेसेजमध्ये ७० अक्षरे मावतात (रोमन लिपीत १६०). काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा, सगळे वेगळे मोजले जाते; ‘म्या’ एकटे ४ जागा खाते. ‘आपण विचारलेल्या आरोग्य विम्याबद्दल आज सायं. ६ वा. फोन करू का?’ हे वाक्य ६१ भरते, म्हणजे नावाला ९ उरतात. नाव लांब असेल तर ‘आज’ काढा, नाव काढू नका. ७० ओलांडले की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येकात ६७ च मावतात. घाऊक पाठवताना प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

कंपनीच्या हेडरवरून (पाठवणाऱ्याच्या नोंदणीकृत नावावरून) जाणारा एसएमएस डीएलटीवर (व्यावसायिक मेसेज नोंदवण्याच्या यंत्रणेवर) मंजूर झालेल्या मसुद्याप्रमाणेच जावा लागतो. ‘मेसेज गेलाच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा दोन कारणे असतात: मंजूर मसुद्यात कुणीतरी एखादा शब्द बदललेला असतो, नाहीतर आत टाकलेली लिंक मंजूर यादीत नसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा लिंकचे मेसेज मोबाईल कंपन्या अडवतात. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी जाहिरातीसाठी ‘पी’ आणि सेवेसाठी ‘एस’ दिसतो. सेवेच्या मसुद्यात ‘नवीन प्लॅन घ्या’ घुसडू नका. जाहिरातीच्या मेसेजमध्ये ‘नको’ म्हणण्याची सोय असावीच लागते. ग्राहकाने ती वापरली की ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर डीएलटीची चाळणी नाही, म्हणून लोक तिथे सैल सुटतात. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे स्वतःचे नियम आहेत: आधी संमती हवी, आणि बरेच जण ब्लॉक किंवा रिपोर्ट करू लागले की खाते बंद पडू शकते. अनोळखी माणसाला ग्रुपमध्ये ओढणे, सकाळी सात वाजता शुभेच्छांच्या चित्राखाली प्लॅनचा तक्ता चिकटवणे, हे ब्लॉक होण्याचे हमखास उपाय. एक पीडीएफ आणि तीन ओळी पुरे. ओटीपी, कार्डचा नंबर, आधारचा फोटो चॅटवर मागू नका. हप्ता कंपनीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवरच भरायला सांगा.

वेळेचे म्हणाल तर सकाळी १० च्या आधी आणि रात्री ८ नंतर फोन नको. दुकानदार दुपारी दोन ते चार निवांत असतो, नोकरदार जेवणाच्या सुट्टीच्या शेवटी. ‘पितृपक्षानंतर बघू’ हे नेहमी टाळण्यासाठी म्हटलेले नसते. बरेच जण त्या पंधरवड्यात खरोखरच नवा व्यवहार करत नाहीत. वाद घालू नका, घटस्थापनेनंतरची तारीख विचारून लिहून घ्या. वेगवेगळ्या वेळी तीन प्रयत्न, मध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर, शेवटी ‘पुन्हा त्रास देणार नाही, गरज लागली तर हा नंबर’ असा एक मेसेज, आणि तिथे थांबा. दिवसभर दहा-दहा सेकंदांचे पन्नास कॉल झाले की ट्रूकॉलरवर लाल शिक्का बसायला वेळ लागत नाही. एअरटेलसारख्या कंपन्याही आता स्वतःहून ‘संशयित स्पॅम’ दाखवतात.

‘नको’ म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करा आणि नवी लीड आली की आधी तिच्यात शोधा. घरातले दोघे एजंट असतील तर यादी एकच ठेवा, नाहीतर नवऱ्याला नको म्हणालेल्याला बायकोचा फोन जातो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे लागते, आणि संमतीची सूचना ग्राहकाला मराठीतही मागता येते. स्टॉलवरच्या फॉर्मवर आजच दोन मराठी ओळी छापून घ्या: नंबर कशासाठी घेतला, आणि नको असेल तर कुठे कळवायचे. खाली सही आणि तारीख.