वाणासाठी खणाचा बटवा: काठ तोंडाशी, दशा पोटात

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण म्हणून खणाचा बटवा दिला, तर तो वर्षभर वापरला जावा. शिवून झाल्यावर बहुतेक बटवे दिसतात छान, पण महिन्याभरात नाडीच्या फटीपाशी दशा सुटतात आणि मग ते कपाटात पडून राहतात. मुळात खणाची वीण गुळगुळीत धाग्यांची असते. कात्री लागली की कडेचे धागे लगेच सुटायला लागतात. त्यामुळे इथे दिलेल्या पद्धतीत प्रत्येक कापलेली कड अस्तराच्या आत जाते. इंटरलॉकची किंवा झिगझॅगची गरज पडत नाही, साधं काळं मशीन पुरतं.

तयार बटवा साडेसहा इंच रुंद, सव्वासात इंच उंच आणि तळाला दोन इंच होतो. त्यात मूठभर तिळगूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एखादी छोटी वस्तू नीट मावते.

कापड घेताना आधी पन्हा आणि काठ मोजून घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आणि बाजारातला पॉलिस्टरचा खण, दोन्ही चालतात. मात्र पॉलिस्टरवर इस्त्री अगदी बेताची ठेवा. दोन्ही कडांना काठ असलेला एक मीटर खण घेतलात तर पाच बटवे होतात. प्रत्येक तुकडा साडेसात इंच रुंद आणि नऊ इंच उंच हवा. नऊ इंच काठाच्या कडेपासून आत मोजायचे, म्हणजे काठ आपोआप तुकड्याच्या वरच्या बाजूला येतो. एका काठाकडून पाच आणि दुसऱ्या काठाकडून पाच, असे दहा तुकडे निघतात. एकवीस बटवे करायचे तर चार मीटर अगदी काठोकाठ होतं, एखादा तुकडा कमी पडतो; सव्वाचार मीटर घ्या. मध्ये जी बिनकाठाची पट्टी उरते ती फेकू नका, चेनच्या छोट्या पाकिटांना ती उत्तम.

अस्तराला टू बाय टू किंवा कुठलंही मऊ सुती कापड घ्या; त्याचे तुकडे खणाच्याच मापाचे. 36 इंच पन्ह्याचं पाऊण मीटर पाच बटव्यांना आणि पावणेतीन मीटर एकवीसांना पुरतं. कापण्याआधी अस्तर दोन तास पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री करा. हा टप्पा गाळला तर पहिल्या धुण्यातच अस्तर आटतं आणि वरचा खण फुगून ढगळ दिसतो. खण मात्र भिजवू नका. ओला पांढरा रुमाल त्याच्या मागच्या बाजूला घासून बघा; रंग आला तर अस्तर गडद निवडा.

बटव्याला अंग येण्यासाठी फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं ताठर कापड, आतून लावायचं. याच नावाने मागा. एका बाजूला बारीक चकचकीत ठिपके असतात, ती चिकटणारी बाजू. इथे एक चूक हमखास होते: सगळ्या तुकड्याला फ्यूजिंग लावतात आणि मग तोंड आवळतच नाही, पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. साडेसहा इंचाचा चौकोन कापा आणि खालची व दोन्ही बाजूंची अर्धा इंच माया (शिवणीसाठी ठेवलेली जादा कड) सोडून चिकटवा, म्हणजे वरचे दोन इंच मोकळे राहतील. वर सुती कापड ठेवून इस्त्री दहा सेकंद दाबून धरा आणि उचलून पुढे ठेवा. सरकवली की खण ताणला जातो.

मशीनला 14 नंबरची सुई लावा, टीप इंचाला दहा-बारा टाक्यांची ठेवा.

पहिली शिवण काठाची. खणाच्या तुकड्याची सुलट बाजू आणि अस्तर समोरासमोर ठेवून काठाच्या कडेने शिवा. ही विणलेली कड असल्यामुळे तिच्यातून दशा निघत नाहीत, म्हणून इथे माया फक्त दोन सूत, म्हणजे पाव इंच. इथे अर्धा इंच घेतली तर काठाचा तेवढाच भाग आत जाऊन वाया जातो, आणि या बटव्याची सगळी शोभा तर काठातच आहे. असे दोन लांब तुकडे तयार झाले की ते सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, खणावर खण, अस्तरावर अस्तर. काठाची खालची रेघ दोन्हीकडे जुळते का ते टाचणी लावून पाहा. हे जुळलं नाही तर बटवा शिवून झाल्यावर एका बाजूने तिरका वाटतो.

आता चारही बाजूंनी अर्धा इंच माया घेऊन शिवायचं, पण तीन ठिकाणी थांबून. अस्तराच्या तळाशी मधोमध अडीच इंच मोकळं सोडा, तिथून बटवा सुलटा करायचा आहे. आणि खणाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत नाडीसाठी फट ठेवा: काठाच्या शिवणीपासून सव्वा इंच शिवा, अर्धा इंच सोडा, पुन्हा शिवा. प्रत्येक टोकाला मागे-पुढे टीप मारून पक्कं करा. हे माप दीड इंचाच्या काठासाठी आहे. काठ मोठा असेल तर फट आणि फ्यूजिंग दोन्ही तेवढंच खाली न्या.

फटीपाशी आता दोन मिनिटं द्या, कारण बटवा फाटतो तो इथेच. नाडी दर वेळी या कडांवर घासते. फटीच्या दोन्ही बाजूंची माया उघडून इस्त्री करा, कापलेली कड आत दुमडा आणि फटीच्या दोन्ही कडांना एकेक उभी टीप घाला. त्यामुळे सेफ्टी पिनही आत अडकत नाही.

तळासाठी प्रत्येक कोपरा चिमटीत धरून बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणा. शिवणीच्या टोकापासून (कापडाच्या टोकापासून नव्हे) एक इंच मोजून आडवी रेघ काढा. ती दोन इंच भरली पाहिजे. रेघेवर शिवा, बाहेरचा त्रिकोण तीन सूत सोडून कापा. खणाचे दोन आणि अस्तराचे दोन असे चारही कोपरे करायचे.

बटवा सुलटा करा, अस्तराचं तोंड हाताने शिवून बंद करा, अस्तर आत ढकला, काठावर इस्त्री फिरवा. मग वरून सव्वा इंचावर आणि पावणेदोन इंचावर गोल टिपा मारल्या की मध्ये नाडी ओवायला अर्ध्या इंचाचा नेफा तयार होतो. बटवा लहान असल्यामुळे मशीनचा पाय बटव्याच्या आत घालून, अस्तर वर दिसेल असं धरून हळूहळू शिवा. यात बाहेरच्या बाजूला बॉबिनचा दोरा दिसतो, तेव्हा बॉबिनला खणाच्या रंगाचा आणि वरती अस्तराच्या रंगाचा दोरा लावा. मशीनवर जमत नसेल तर हाताने उलटी टीप घाला. धावदोरा इथे टिकत नाही.

नाडी तीन-चार मिलिमीटर जाड, वीस इंचांचे दोन तुकडे. एक उजव्या फटीतून घालून पूर्ण फेरी मारून उजवीकडेच बाहेर काढा, दुसरी डावीकडून तशीच. एकाच नाडीवर भागवलं तर बटवा एका बाजूला गोळा होतो. टोकांना गाठ मारून मणी किंवा गोंडा लावा.

देताना तिळगूळ सुटा भरू नका. तिळाचं तेल दोन दिवसांत अस्तरातून खणावर उतरतं आणि तो डाग जात नाही. बटर पेपरच्या पुडीत बांधून ठेवा, हळदीकुंकवाच्या पुड्याही वेगळ्या पिशवीत.