पॅनक्रियाजच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीचा सीटी: या चुका टाळा

मागे एका बाईंचा सीटी माझ्याकडे सेकंड ओपिनियनला आला. रोज पहाटे घामाघूम, असंबद्ध बडबड, शुगर ४२, आणि साखरेचं पाणी पाजलं की दहा मिनिटांत ठणठणीत. फॉर्मवर मात्र लिहिलेलं 'पोटदुखी', आणि रिपोर्ट नॉर्मल. सीडी लावून बघितली तर नुसता पोर्टल फेज (कॉन्ट्रास्ट लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत पोचल्यावरचा टप्पा), कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर ७० सेकंदांनी काढलेला. मग नॉर्मल दिसणारच ना! हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या या न्यूरोएंडोक्राइन गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे त्या साधारण ३५ ते ४५ सेकंदांच्या लेट आर्टेरियल फेजला (कॉन्ट्रास्ट अजून मुख्यतः धमन्यांत असतानाच्या टप्प्याला) झळकतात आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात बऱ्याचदा शेजारच्या पॅनक्रियाजमध्ये मिसळून जातात. सीटी पुन्हा काढला, शेपटीजवळ १२ मिमीचा चमकता ठिपका. इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन बनवून शुगर पाडणारी गाठ.

म्हणून फॉर्मवर 'शुगर कमी होते' एवढं तरी लिहा हो, त्यावरच टेक्निशियन फेज ठरवतो. आणि प्यायला साधं पाणी द्या, पांढरं कॉन्ट्रास्ट पाजलं की ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीतला छोटा गॅस्ट्रिनोमा (गॅस्ट्रिन हॉर्मोन बनवणारी अशीच गाठ) त्यात बुडून जातो.

उलटी चूकही होते. शेपटीत गोल चमकतं काहीतरी दिसलं की लगेच सर्जनला फोन. अहो, ती जादा प्लीहा (जन्मतःच वेगळा राहिलेला प्लीहेचा तुकडा) असू शकते, प्रत्येक फेजमध्ये शेजारच्या प्लीहेशी ताडून बघा. डोटाटेट पेटवर (या गाठी उजळवणाऱ्या स्कॅनवर) विसंबू नका, प्लीहा त्यातही उजळते, शंका राहिली तर हीट-डॅमेज्ड आरबीसी स्कॅन करा, त्यातल्या तापवलेल्या लाल पेशी प्लीहा टिपून घेते. आणि किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय का हे विचारा, तो दहा वर्षांनीही पॅनक्रियाजमध्ये असाच चमकत येतो.

आता प्रोग्नोसिस. नातेवाईक 'पॅनक्रियाजचा कॅन्सर' गुगल करून रडत येतात, पण तिथले आकडे बहुतेक अॅडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे नेहमीच्या, जास्त घातक प्रकाराचे असतात. स्टीव्ह जॉब्सना न्यूरोएंडोक्राइन गाठच होती: २००३ मध्ये निदान झालं, २००९ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट, गेले २०११ मध्ये. इथे जास्त चमकणारी गाठ बहुधा बरी, फिकी गाठ जास्त घाबरवते. कडा पुसट, शिरेत घुसलेली, डक्ट (पॅनक्रियाजची नळी) फुगलेली, २ सेमीच्या वर, लिव्हरमध्ये डाग, हे सगळं वाईटाकडे झुकतं. डक्टचं मात्र जपून, सेरोटोनिन बनवणारी इवलीशी गाठही आजूबाजूला फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा) करून डक्ट आवळते. आणि सीटी बघून ग्रेड सांगून मोकळं होऊ नका, तो बायोप्सीतल्या पेशी आणि केआय-६७ (किती टक्के पेशी विभागतायत ते) वरून ठरतो: ३ टक्क्यांच्या खाली जी१ (सगळ्यात सौम्य), २० पर्यंत जी२, त्यावर जी३.

फॉलोअपला तर आर्टेरियलची तुलना आर्टेरियलशीच. एका पेशंटनी दुसऱ्या सेंटरला नुसता पोर्टल फेज काढला, लिव्हरमधले डाग 'गेले', घरी पेढे वाटले. डाग होते तिथेच होते, पुढच्या सीटीत आर्टेरियल फेजला सगळेच्या सगळे परत दिसले.