जुन्या जीपचा हॉर्न वाजत नाही? आधी अर्थिंग तपासा

महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये बहुधा हॉर्नला करंट कायम असतो आणि बटण दाबल्यावर फक्त अर्थ (चासीशी, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडणी) मिळतो. त्यामुळे नवा हॉर्न आणायच्या आधी हे करा.

हॉर्नवरची बटणाकडे जाणारी वायर काढा. त्या टर्मिनलवरून वायरचा एक तुकडा चासीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी टेकवा. वाजला, तर हॉर्न धडधाकट आहे. दोष बटणात किंवा स्टेअरिंग कॉलममधल्या वायरीत. नाही वाजला, तर दुसऱ्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प (एक टोक चासीला लावलेला तपासणीचा दिवा) लावा. दिवा पेटला नाही तर फ्यूज आणि पुढची वायरिंग बघा.

बटण उघडलं की पितळी पट्टीवर हिरवट-काळा थर दिसेल. बारीक पॉलिश पेपरने तो काढा, स्प्रिंग ताणून बघा. कॉलममधल्या वायरीचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं, की हॉर्न आपोआप वाजत राहतो. तिथे टेप टिकत नाही, अख्खी वायरच बदला.

आवाज घोगरा असेल तर हॉर्नमागचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. जास्त फिरवला की हॉर्न नुसता करंट खातो, वाजत नाही.

दोन हॉर्न असतील तर रिले (बटणाच्या थोड्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) हवाच, नाहीतर बटणाचे पॉइंट जळतात. बॅटरीतून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या 30 आणि 86 नंबरच्या पिनला, 87 नंबरची पिन हॉर्नला, 85 बटणाला. हॉर्नची दुसरी टोकं चासीला.

बसवताना हॉर्नचं तोंड थोडं खाली ठेवा, चिखलपाणी आत साचत नाही.