जाहीरनामा रद्दीत टाकू नका

'सगळे एकाच माळेचे मणी' असं म्हणून निवडणुकीचं पत्रक रद्दीत टाकणारे मतदार नेत्यांना फार आवडत असणार. पाच वर्षांनी या मंडळींच्या हातात विचारायला कागदच नसतो. माझाही कुठल्या नेत्यावर चटकन विश्वास बसत नाही. नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली, त्यामुळे समोरचा कितीही गोड बोलला तरी आधी कागद बघायची खोड जडली. आमच्या भांडुपच्या सोसायटीतल्या बायका दर निवडणुकीत विचारतात, "काकू, यांचं खरं मानायचं का हो?" म्हणून माझी पद्धत एकदा लिहूनच काढते.

पहिलं काम फाईलचं. पक्षाचा जाहीरनामा मोबाइलवर आला तर तो उतरवून ठेवा, नुसती लिंक जपू नका. उमेदवाराचं घरोघरी वाटलेलं पत्रक वेगळं ठेवा, कारण पक्षाच्या जाहीरनाम्यात नसलेली कितीतरी आश्वासनं त्यात असतात. तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आहे का ते बघा. कायद्याने ते छापावंच लागतं, आणि ते नसलेल्या कागदावरचं आश्वासन मी मोजतच नाही. मग आपल्या घराशी संबंध असलेली दोन-तीन आश्वासनं पेन्सिलीने खुणावा. साठ-सत्तर आश्वासनांच्या मागे लागलात तर एकही हाती लागणार नाही.

आता प्रत्येकापुढे लिहा: हे कुणाच्या हातात आहे? नगरसेवकपदाचा उमेदवार लोकल वाढवू म्हणाला तर ऐकून सोडून द्या, रेल्वे केंद्राची. म्हाडा राज्याची, मेट्रो एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाची आणि एमएमआरसी या मेट्रो कंपनीची, गटार-पदपथ-कचरा महापालिकेचा. मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींचं बघा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्याही दिल्या गेल्या. शिवडीच्या चाळी मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन पोर्ट ट्रस्टची (आताच्या पोर्ट अथॉरिटीची), म्हणजे केंद्राची. शिवडीत येऊन कुणी 'तुमच्याही चाळी करतो' म्हणालं, तर 'कधी' विचारण्याआधी 'जमिनीचं पत्र आणलंत का' हे विचारायला हवं.

मग पैसा. इथे बहुतेक लोक कंटाळतात, आणि नेमकी इथेच खरी गंमत आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने 'लाडकी बहीण' योजनेत बायकांना महिन्याला मिळणारे १,५०० रुपये २,१०० करू असं सांगितलं. महाविकास आघाडी त्याच्या पुढे जाऊन ३,००० म्हणाली. आमच्या जिन्यात कोण जास्त देतो यावर पैजा लागल्या. निकाल लागला आणि १० मार्च २०२५ ला राज्याचा अर्थसंकल्प आला. त्यात या योजनेसाठी तरतूद होती ३६,००० कोटींची. १२ ने भागा: महिन्याला ३,००० कोटी. त्याला १,५०० ने भागा: बरोबर दोन कोटी बायका. लाभार्थी तर तेव्हाच दोन कोटींच्या वर होत्या. म्हणजे २,१०० सोडा, १,५०० च द्यायचे तरी काही नावं गळणार हे त्याच दिवशी दिसत होतं. पुढे छाननी आणि ई-केवायसी सुरू झाली तेव्हा शेजारणी हवालदिल झाल्या. त्यांचा राग रास्तच होता, पण मला धक्का बसला नाही. विरोधी पक्षालाही हाच हिशेब लावा. दोन कोटी बायकांना ३,००० म्हणजे वर्षाला ७२,००० कोटी, तेवढ्या रकमेत मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा जवळजवळ सगळा अर्थसंकल्प (७४,४२७ कोटी) बसतो. ते कुठून आणणार हेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन निवडणूक कायद्याने 'भ्रष्ट आचरण' ठरत नाही. पण निवडणूक आयोगाने मार्गदर्शक सूचना कराव्यात. त्यावरून आचारसंहितेत कलम आलं की आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून उभा करणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने दिसायला हवं. किती जाहीरनाम्यांत दिसतं? तुम्हीच उघडून बघा.

आश्वासन पाळलं असं सांगितलं जातं तेव्हा तर जास्तच सावध राहा. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू असं वचन दिलं. मार्च २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, पेढे वाटले गेले. नंतर बिल पाहिलं तर माफ झाला होता तो फक्त सर्वसाधारण कर. मालमत्ता कराचं बिल कधी नीट वाचलंय? सर्वसाधारण कर ही त्यातली एक ओळ. तिच्याखाली जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशी सगळी वरात असते. ती तशीच राहिली. संपूर्ण करमाफीची घोषणा झाली ती जानेवारी २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत मार्चमध्ये संपत होती तेव्हा. आता ही फसवणूक म्हणायची की उशिरा का होईना वचनपूर्ती? माझ्या फाईलमध्ये मी 'पूर्ण' लिहिलंय आणि शेजारी तारीख. तारीखच पुरेशी बोलते. तेव्हा घोषणा ऐकली की शासन निर्णय शोधा, तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. वरची प्रस्तावना सोडून थेट 'अटी व शर्ती' वाचा.

जे झालं ते झालं म्हणायलाही शिका, नाहीतर आपला संशय म्हणजे नुसती कुरकुर होते. २०१९ ला १० रुपयांत थाळीचं आश्वासन होतं आणि २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरूही झालं. मुंबईच्या पाच नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री बंद झाला. दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली, हा भाग वेगळा! उलट अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ चं, स्मारक अजून उभं नाही. म्हणून पूजनाच्या फोटोला माझ्याकडे शून्य गुण. आणि सत्ता मिळाल्यावर उलट दिशेने जाणारेही असतात. २००४ मध्ये काँग्रेसने २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना अभय देऊ म्हटलं होतं. निवडून आल्यावर त्याच डिसेंबरात मुंबईत बुलडोझर फिरू लागले.

नेत्याकडे मी सगळ्यात शेवटी वळते. उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं, महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे. एकट्या शपथपत्राचा फारसा उपयोग नाही. मागच्या निवडणुकीचं आणि यंदाचं शेजारी-शेजारी ठेवा आणि मालमत्तेचा रकाना जुळवा: स्वतःची, पत्नीची किंवा पतीची, अवलंबितांची. मग दाखल गुन्हे वाचा. आंदोलनातला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तागडीत घालू नका. पक्षाचा सर्वोच्च नेता स्वतः निवडणूक लढवतच नसेल तर त्याचं शपथपत्र नसतंच. उद्धव ठाकऱ्यांचं शपथपत्र लोकांसमोर आलं ते २०२० मध्ये ते विधान परिषदेवर गेले तेव्हा. अशा नेत्याचं मोजमाप त्याच्या पक्षाने सत्तेत असताना काय केलं यावरच करायचं. भाषणातल्या नकला आणि टाळ्या बाजूला ठेवा. मुंबईतल्या आमदार-नगरसेवकांनी सभागृहात किती आणि कसले प्रश्न विचारले याचे अहवाल प्रजा फाउंडेशन काढतं, तेही चाळा.

कार्यकर्ता दारात आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो बिचारा उन्हात फिरून दमलेला असतो. पाणी द्या आणि एकच प्रश्न विचारा. मी गेल्या खेपेला पत्रकावर बोट ठेवून विचारलं, "बाळा, हे रुग्णालय कुठल्या भूखंडावर होणार?" तो म्हणाला, "काकू, साहेब सांगतील ना सभेत." मी म्हटलं, "मग साहेबांना विचारून ये, मी घरीच आहे." तो काही परत आला नाही. पत्रकावर त्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

निकालानंतर फाईल कपाटात टाकून चालत नाही. वर्षातून एकदा, मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला की ती काढा. महापालिकेचा फेब्रुवारीतच येतो. आपल्या दोन-तीन ओळींपुढे तरतूद आहे का बघा. नसेल तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा किंवा ऑनलाइन भरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, 'अशी माहिती उपलब्ध नाही' म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावतात. 'कार्यादेशाची प्रत द्यावी', 'आजवर झालेल्या खर्चाचा तपशील द्यावा' असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का पुसट उठला असेल तर पुन्हा मारून मागा, कितीही वैतागले तरी मारून देतात.